पलीकडचा आवाज

प्रवरेला पूर आला आणि बेलापुरात मोबाईल बंद पडले. माझी आई पलीकडच्या वस्तीवर, शाळेच्या गच्चीवर अडकली होती. अलीकडच्या काठावर, देवळाच्या ओट्यावर एक अनोळखी माणूस वायरलेस सेट घेऊन बसला होता. हौसेनं रेडिओ शिकलेला, मदतीला आपणहून आलेला. डोळे मिटून तो ऐकायचा आणि संथ आवाजात होडीवाल्यांना निरोप द्यायचा, "पाणी जिन्यात आलंय."

सेटवर पलीकडून एका बाईचा आवाज तुटत तुटत येत होता.

मी रडकुंडीला येऊन विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लई वाटती," तो हळूच म्हणाला. "बोलती ती माझी बायको हाय. सकाळीच दुसरा सेट घिऊन पलीकडं गेली. माझा आवाज थरथरला, तर ती गच्चीवरच्यांना धीर कसा देनार?"

तेवढ्यात तिचा आवाज थांबला. नुसती खरखर उरली. तो मात्र त्याच सुरात तिला हाका मारत राहिला. उत्तर येत नव्हतं.

संध्याकाळी होडीतून आई उतरली. शेवटच्या फेरीला, भिजलेला सेट छातीशी धरून ती बाई आली. तो उठायला गेला, पण त्याला उठवेना. तीच चिखल तुडवत त्याच्यापाशी गेली.