शुक्रावरचा देव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुलाही सांगणार नव्हतो, पण आता सांगूनच टाकतो — जमेल तसं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळच्या आमच्या चाळीत गणपतीत नाटक व्हायचं, त्या वर्षी ते मी लिहिलं. पेपरात उडत्या तबकड्यांच्या बातम्या यायच्या, तेच डोक्यात बसलेलं. मंगळावरचे काळे, शिंगवाले लोक मुंबई तोडून न्यायला येतात आणि शुक्रावरचा तेजस्वी पुरुष ती वाचवतो. म्हणजे काय रे — आपलेच जुने देव-दानव, तबकडीत बसवलेले!

शुक्राचा पुरुष यशवंत करणार होता. गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर असायचा. आदल्याच वर्षी बौद्ध झालेला. आवाज असा, की मागांच्या खडखडाटातही ऐकू यावा. तालमीला आला तो सरळ म्हणाला, "गणपतीला हात जोडणार नाही. काम मात्र जीव तोडून करीन." आमच्या गणपती मंडळाचे चिटणीस तात्या हसले. "नको जोडूस. तू फक्त उभा राहा आणि बोल."

झालं, ठरलं. मग — कसं सांगू? नाटकात देव आला की शेवटी चाळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईनं स्टेजवर जाऊन त्याला ओवाळायचं, पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षी तो मान माझ्या आईचा होता.

माझी आई यशवंताच्या पाया पडणार. आई काही बोलली होती का? नाही. चाळीत कुणी नाक मुरडलं होतं? तेही नाही. मलाच ते बघवणार नव्हतं. मोर्च्यात त्याच्या खांद्याला खांदा लावून घोषणा देणाऱ्या मला!

मी त्याला मंगळाचा राक्षस केलं. आणि सांगितलं काय — "तात्यांचंच म्हणणं पडलं रे, माझा इलाज नाही." तात्यांना सांगितलं, राक्षसाचं काम यशवंतालाच हवंय. यशवंत तोंडाला काजळी फासून असा गरजला, की पुढं बसलेली पोरं रडायला लागली. देव झाला एक गोरा कारकून. त्याला दोन वाक्यं धड येईनात, तरी आईनं त्याला ओवाळलं.

त्यानंतर यशवंत आमच्या चाळीत कधी आला नाही. पुढं तात्या वारले, तरी आला नाही. "मेलेल्या माणसाशी कसला आकस!" लोक म्हणाले. मी तिरडी बांधत होतो. खाली मान घालून सुंभ आवळत राहिलो. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोललो.

मग यशवंतही गेला. भेटायला गेलो तर त्याच्या मुलानं हाताला धरून आत नेलं, खुर्ची दिली. म्हणाला, "काका, त्या अख्ख्या चाळीत बाबांचा भरवसा एकट्या तुमच्यावर होता."

मी मान डोलावली. चहा प्यालो आणि घरी आलो.