वायरलेसची पिशवी

पेटी आईनं भरली. पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

साल २००२. पावसाळा नुकताच सरला होता. मी सैन्यात, सिग्नल्समध्ये नायक होतो आणि मालवणला घरी रजेवर आलो होतो. रजा संपली की निकोबारच्या बाजूच्या एका बेटावर आमच्या डिटॅचमेंटमध्ये हजर व्हायचं होतं. आठ जवान, एक वायरलेस सेट, महिन्याला एक जहाज. दुकान नाही, फोन नाही. जे पेटीत नाही, ते तिथे नाही.

हल्ली आमचे पाव्हणे अंदमानला फिरायला निघाले की विचारतात, काय काय घेऊ? मी सांगतो, आधी कपडे निम्मे करा. सुती, सैल, लांब बाह्यांचे. जीन्स नेलीत तर परत येईपर्यंत वाळणार नाही. चामड्याचे बूट घरी ठेवा, आठवड्यात बुरशी धरते, कॅनव्हासचे चालतात. मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या, जुलाबावरची पुडी. सेल काचेच्या बरणीत ठेवा, सोबत मूठभर तांदूळ टाका. कॅमेरा असो नाहीतर फोन, बटण असलेली प्रत्येक वस्तू पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गेली पाहिजे, कारण खारा वारा लोखंड खातो आणि मग बसा बोंबलत. आणि देवाशपथ सांगतो, पेटी स्वतः भरा.

मी मुंबईहून येताना तशी एक पिशवी घेऊन आलो होतो. हिरवी, जाड, तोंड तीनदा गुंडाळून बंद करायची. ती वायरलेसच्या हँडसेटसाठी होती. हँडसेट म्हणजे कानातोंडाला लावून बोलतात तो रिसीव्हर. तो भिजला की सेट नुसता ऐकतो, बोलत नाही.

आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. चांगली वस्तू तिच्या नजरेतून सुटत नसे. तिनं ती पिशवी उलटसुलट करून पाहिली.

"हिचा तोंड बघ कसा बंद जाता! हिच्यात वारोसुदिक जावचो नाय."

"आये, ती वायरलेसची आसा. ठेव थंय."

"वायरलेस खातलंस काय रे थंय?"

मी हसलो आणि तिकिटाच्या कामाला बाजारात गेलो. परत आलो तेव्हा पेटी भरून, कुलूप लावून, ओटीवर ठेवलेली. बाबांनी तिच्यापुढे नारळ ठेवून, मुलगा सुखरूप परत यावा म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं. शेजारपाजारचे जमले होतेच.

"बा देवा महाराजा! हो झील दर्यापलीकडे चललो आसा. तेका सुखरूप घराक हाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

बेटावर पोचल्यावर मी पेटी उघडली. शर्ट होते, मच्छरदाणी होती. हिरवी पिशवी सगळ्यात वर होती आणि टम्म फुगली होती. तोंड उलगडलं, आणि अख्ख्या झोपडीत आमचा मालवणचा बाजार भरला. आत गळ्यापर्यंत सुकी सुंगटां, म्हणजे सुकी कोळंबी.

हवालदार साहेब हरियाणाचे, शुद्ध दूधतुपातले. ते नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले. बाहेरूनच ओरडले, "कौन मरा है अंदर?"

लान्स नायक बलबीर तेवढा हलला नाही. हिमाचलचा, उंच, गोरापान. समुद्र त्यानं इथे येईपर्यंत पाहिलाच नव्हता. लाट आली की मागे सरायचा, खेकडा दिसला की खाटेवर चढायचा. पण जिभेचा शूर. मी त्याच दिवशी कांदा आणि ओलं खोबरं घालून मूठभर सुंगटां परतली. बलबीर रोटीबरोबर खाऊन बोटं चाटत म्हणाला, "और है?"

तेव्हापासून आमची गट्टी जमली. आईच्या पिशवीचा आणि बाबांच्या गाऱ्हाण्याचा किस्सा त्यानं माझ्याकडून इतक्या वेळा वदवून घेतला की पुढे हवालदार साहेबांनी काहीही हुकूम दिला तरी बलबीर टाच आपटून म्हणायचा, "व्हय महाराजा!" साहेबांना वाटायचं, हा मराठीतला सॅल्यूट. आम्ही कशाला सांगतोय!

पिशवी मी साबणानं तीनदा धुतली, पण वास काही जाईना. साहेबांची सक्त ताकीद, हँडसेट रात्रभर पिशवीतच राहील. दुसरा हँडसेट खाऱ्या हवेनं आधीच गेला होता, दुरुस्तीला पाठवलेला. त्यामुळे मी रोज झोपताना हँडसेट त्या वासात गुंडाळून खुंटीला टांगायचो.

डिसेंबरात बलबीरचं लग्न ठरलं. रजा मंजूर झाली. जहाज येणार त्या सकाळी पठ्ठ्या उजाडायच्या आत दाढी करून तयार. गरम पाण्याचा तांब्या फिरवून युनिफॉर्मला इस्त्री केलेली. हे जहाज चुकलं तर पुढचं महिन्यानं, आणि लग्न पंधरवड्यावर.

साडेसहाला मी सेट चालू केला. खुंटीकडे हात नेला तर खुंटीला फक्त पिशवीच्या पट्ट्याचा तुकडा लोंबत होता. कात्रीनं कापल्यासारखा.

तेवढ्यात स्पीकर बोलला.

"पाम, पाम, दिस इज व्हेल. बीच रिपोर्ट भेजो. ओव्हर."

पाम म्हणजे आम्ही, व्हेल म्हणजे जहाज. किनाऱ्यावर लाट कशी आहे ते आम्ही सांगितल्याशिवाय ते बोट सोडत नसत. धूर केला असता तर बेट दिसलं असतं, पण धूर लाटेची उंची सांगत नाही. ऐकू सगळं येत होतं. बोलायचं कशानं?

"पाम, जवाब नहीं आ रहा. आधा घंटा रुकेंगे. फिर आगे निकलेंगे. ओव्हर."

बलबीरचा चेहरा पांढराफटक पडला.  मी खाली वाकून जमीन पाहिली.

झोपडीच्या दारातून वाळूत एक ओढल्याची रेघ गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना टोचल्यासारख्या खुणा. मालवणच्या माणसाला त्या वाचायला शाळा लागत नाही. कुर्ली! पण केवढी? त्या बेटांवर नारळ फोडून खाणारे खेकडे असतात, मांजराएवढे. रेघ एका माडाच्या मुळाशी संपली. बिळात हिरवी पिशवी दिसत होती आणि तिच्यावर दोन नांग्या.

मी पिशवी धरून ओढली.

"खींच!" साहेब ओरडले.

"खींच रहा हूँ, उस्ताद!"

"तो वो क्या कर रहा है?"

"वो भी खींच रहा है!"

संगीन चालवावी तर आत हँडसेट. शिवाय तो खेकडा मारायला कायद्यानं बंदी. आणि मला आमच्या खाडीतली रीत आठवली. बिळातल्या कुर्लीशी ओढाताण करायची नाही. तिला हातातल्यापेक्षा बरं काहीतरी दाखवायचं.

"बलबीर, सुंगटां!"

शेवटची ओंजळभर सुंगटां त्यानं एका डब्यात जपून ठेवली होती. लग्नात गावाला दाखवणार होता, समुद्रात काय पिकतं ते. धावत गेला, डबा आणला. आणि खेकडा दिसला की खाटेवर चढणारा हा गडी बिळापुढे पालथा पडला, त्या नांग्यांपासून वीतभर अंतरावर हात नेऊन एकेक सुंगट ठेवू लागला.

"ले भाई, खा. मेरी शादी है. ले."

एक नांगी सुटली. आम्ही श्वास धरून उभे. मग दुसरी सुटली. मी पिशवी हिसकावली आणि धूम ठोकली.

"व्हेल, दिस इज पाम. लहर कमर तक. बोट लग जाएगी. एक पॅसेंजर. ओव्हर."

"पाम, इतनी देर क्यों? ओव्हर."

साहेबांनी हँडसेट माझ्या हातातून घेतला. "केकड़े से बातचीत चल रही थी. ओव्हर."

 पलीकडून स्पीकर फुटेल असं हसू. बलबीर दारात उभा होता, इस्त्री मातीत गेलेली, नाकाला वाळू. तो ओरडला, "व्हय महाराजा!" आणि आम्ही सगळे, साहेबसुद्धा, ओरडलो, "व्हय महाराजा!" आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल.

लग्न वेळेवर झालं. डिटॅचमेंट उठली तेव्हा बलबीरनं ती पिशवी मागून घेतली. म्हणाला, बायकोला खरं वाटत नाही, वास दाखवायचाय.

२००५ मध्ये काश्मीरात गस्तीवर असताना गोळीबारात बलबीर पडला. मी तेव्हा दुसऱ्या युनिटात होतो. बातमी मला वायरलेसवरच कळली. संदेश नीट घेतला, पोच दिली, हँडसेट खाली ठेवला आणि रडलो.

पुढच्या रजेत मी आधी हिमाचलला गेलो. त्याची बायको विमला हिनं ती पिशवी आणली. आत लग्नाचा फोटो होता. म्हणाली, ते दर रजेला ही उघडून नाकाला लावायला द्यायचे, मी तोंड फिरवायची आणि घरभर हसू व्हायचं. ते गेल्यावरही मी ती कधी धुतली नाही. पण भाईसाब, आता वास जात चाललाय. मग तिनं फोटो काढून भिंतीला लावला, पिशवीत अक्रोड भरले आणि माझ्या हातात दिली. "मांजी के लिए. खाली नहीं देते."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं.  तिनं अक्रोड परातीत काढले, पिशवी नाकाशी धरली, डोळे पुसले आणि उठून फडताळातून सुक्या सुंगटांचा डबा काढला.

"रिकामी कशी धाडूची?"

"आये, ती खायत नाय गो. शाकाहारी आसा."

"खाव नुको," आई पिशवी भरत म्हणाली. "वास तरी ऱ्हवतलो."

मी तोंड तीनदा गुंडाळून घट्ट बंद केलं आणि पिशवी घेऊन पोस्टात गेलो.