तिसरा पट्टा

अमरावतीत कालेजच्या ग्राउंडवर माह्यासारखी सरळ चुन्याची फक्की कोनाले मारता येत नाही. मांगच्या साली सातवा पट्टा आठव्यात घुसला होता, ते सोडा.

एक पोरगी रोज सकाळी पट्ट्यावर पयाले ये. आधी पोराइत पये, आता पोरगी म्हून पये. केस दोनदा बांधे, फक्की वलांडून जाये, कधी पाय नाही देल्ला. "काका, वली हाय काय?" एवढंच बोले.

कालेजच्या टीमच्या निवडीच्या दिवशी तिवसा गावची दुसरी एक पोरगी खेळाच्या सरले म्हने, "हे पोरीइत पयाली त माही जागा जाते. बापाची कपाशी गेली, मले याच सर्टिफिकेटवर भरतीत जा लागते."

ती म्हने, "सर, मी हार्मोनच्या गोळ्या खाऊन राहिली. डॉक्टरचा कागद हाय."

मंग मले सुचलं, "सर, पोरं अन् पोरीइच्या मंधात तिसरा पट्टा आखू काय?"

सारं ग्राउंड हासलं. तिनं छातीवरचा नंबर काढला, घडी करून सरच्या हातात देल्ला अन् चालली गेली.

मी तिवशाच्या पोरीले म्हनलं, "घे बाई, तुही जागा मोकळी झाली."

"काका," ती पोरगी म्हने, "मी तिच्यासंग भांडून राहिली होती. तुमी तिले हाकललं."