कार्डिफमध्ये जुना फ्लॅट घेताना

या देशात घर घेतलेल्या माणसाला "घर कसं मिळालं?" असं सहज म्हणून विचारू नये. तुमचा चहा संपतो, दुसरा टाकावा लागतो, आणि तो अजून तिसऱ्याच कुठल्या तरी फ्लॅटच्या जिन्यात असतो. आम्ही दोघंही आता त्यातलेच झालोय.

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतो. वैशालीला पाचवा महिना लागला आणि त्याच आठवड्यात घरमालकाचं पत्र आलं. त्याचा मुलगा परत येतोय, चार महिन्यांत घर रिकामं करा. पोटात बाळ घेऊन पुन्हा भाड्याचं घर शोधायचं नाही, असं वैशालीनं जाहीर केलं. आमच्या ऐपतीत एकच भाग बसत होता. दगडी जुनी घरं, प्रत्येकाचे कापून तीन-तीन फ्लॅट केलेले, आणि सगळीकडे विद्यार्थी नाहीतर नुकती नोकरी लागलेली पोरं. एजंट त्या भागाला "व्हायब्रंट" म्हणायचा.

एजंटचं नाव गॅरेथ. पंचविशीचा, कायम घाईत. त्यानं दाखवलेला पहिला फ्लॅट "कॉम्पॅक्ट" होता.

बेडरूमचं दार अर्धंच उघडत होतं, कारण आत बेड होता. वैशाली दारातून तिरकी आत गेली आणि पोटामुळे बाहेर येताना अडकली.

मी विचारलं, "बेड काढला तर?"

"मग दार पूर्ण उघडतं," गॅरेथ म्हणाला. "बऱ्याच लोकांना ते आवडतं."

* * *

मग मी विनीतला बरोबर न्यायला लागलो. विनीत आमच्या हॉस्पिटलच्या आयटीमध्ये. जन्म लंडनमधल्या एजवेअरचा, आईवडील ठाण्याचे. त्याचं मराठी समजतं, पण कोण पुल्लिंगी आणि कोण स्त्रीलिंगी हे तो दर वाक्याला नव्यानं ठरवतो. तो म्हणाला, "एजंटसमोर आपण मराठीत बोलू. त्याला काय कळणार?"

दुसऱ्या फ्लॅटमध्ये गॅरेथ पुढे, आम्ही मागे. विनीत माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "मिलिंद, हा भिंत बघ. फुल डॅम्प आहे. रूफ पण लीक होतो. आणि बॉयलर तर टोटल डिझास्टर आहे."

गॅरेथ मागे न वळता म्हणाला, "डॅम्पचं काम गेल्या वर्षीच केलंय. बॉयलरबद्दल मात्र मी तुमच्या मित्राशी सहमत आहे."

* * *

तिसरा फ्लॅट खरंच चांगला होता. आम्ही ऑफर दिली, ती मान्य झाली. वैशालीनं खिडक्यांची मापं घेतली. मी लॅबमध्ये सगळ्यांना केक दिला.

तीन आठवड्यांनी गॅरेथचा फोन. दुसऱ्या कोणी तरी जास्त पैसे देऊ केले होते आणि मालकानं फ्लॅट त्यांना द्यायचं ठरवलं होतं. कागदावर सह्या होईपर्यंत इथे असं चालतं, हे मला तेव्हा कळलं.

"पण मालकानं आम्हाला हो म्हटलं होतं ना?" मी विचारलं.

"म्हटलं होतं," गॅरेथ म्हणाला. "आणि अगदी मनापासून म्हटलं होतं."

मापांचा कागद वैशालीनं आठवडाभर फ्रिजवर तसाच ठेवला होता. मला तो काढायचा धीर होत नव्हता.

* * *

चौथा फ्लॅट मिसेस मॉर्गन यांचा. वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले, जिना झेपत नव्हता म्हणून विकत होत्या. आम्हाला फ्लॅट आवडला. घर तपासायला सर्व्हेयर आला, त्यानं खिशातून एक गोटी काढली आणि जमिनीवर ठेवली. गोटी खिडकीपासून निघाली ती थेट दाराशी जाऊन थांबली.

मी घाबरून विचारलं, "घर हलतंय का?"

"हललं होतं, फार पूर्वी. आता थांबलंय."

"कशावरून?"

त्यानं पायाखाली बघितलं. "मी उभा आहे ना."

पुढे आमची लेक त्याच जमिनीवर खेळली. तिला वाटायचं, सगळ्या जगात चेंडू आपोआपच दाराकडे जातात.

* * *

वकिलानं सांगितलं की फ्लॅट लीजवर आहे आणि लीजची एकाहत्तर वर्षं उरली आहेत. मी हे नागपूरला बाबांना फोनवर सांगितलं. बाबा पोस्टातून रिटायर झालेले, कागद नीट वाचणारे.

"म्हणजे एकाहत्तर वर्षांनी घर खाली करायचं?"

"बाबा, लीज वाढवून घेता येतं."

"आणि नाही वाढवलं तर? तुझं मूल कुठे जाईल?"

"बाबा, ते तेव्हा एकाहत्तर वर्षांचं असेल."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले. "त्या वयात घर बदलायचं?"

* * *

सगळे कागद तयार झाले आणि घोडं अडलं. मिसेस मॉर्गन समुद्राजवळच्या एका बैठ्या घरात जाणार होत्या. त्या घराचे मालक शहरातल्या एका जोडप्याचं घर घेणार होते. ते जोडपं घटस्फोट घेत होतं, म्हणून घर विकत होतं. तिन्ही व्यवहार एकाच दिवशी व्हायचे होते, एक अडला की सगळे अडले.

वैशालीला आठवा महिना संपत आलेला. अर्धं सामान खोक्यांत. गॅरेथचा फोन आला, आवाज पडलेला.

"त्या दोघांनी माळा आवरायला काढला होता," तो म्हणाला. "तिथे त्यांना लग्नाचे फोटो सापडले."

"मग?"

"मग त्यांचं जमलं परत. आता त्यांना घर विकायचं नाहीये."

मी वैशालीला सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चांगलं झालं ना. म्हणजे चांगलंच झालं." मग रडायला लागली.

मी मिसेस मॉर्गन यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, सगळं शांतपणे ऐकलं. "घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "ते आता घर रंगवायला काढतील. रंग निवडेपर्यंत थांब."

नऊ दिवस गेले. आम्ही दोघं एकमेकांशी त्या जोडप्याबद्दल बोलत नव्हतो, पण फोन वाजला की दोघंही उठत होतो. दहाव्या दिवशी सकाळी गॅरेथचा फोन आला. इतका आनंदात मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

"गुड न्यूज. तिनं त्याला काल घराबाहेर काढलं."

मी फोनवर हात ठेवून वैशालीला सांगितलं. तिनं डोळे मिटले.

"बिचारी," ती म्हणाली. मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.

"त्याला विचार, तारीख कधीची मिळेल?"