पारडीचं पोट

आमच्या म्हशीला पारडी झाली त्याच सकाळी मी सासूबाईंशी भांडण उकरून काढलं. तुला भांडायला कारण लागत नाही, असं आमचे हे म्हणतात, पण त्या दिवशी कारण होतं. इकडं निफाडच्या अंगाला म्हैस व्याली की पहिल्या दिवसांचा चीक शेजारपाजारी वाटतात, म्हणजे त्या दिवशी घरोघरी खरवस. आमच्याकडून सासूबाई तांब्या घेऊन निघायच्या. चार घरी बसायच्या, चहा प्यायच्या, मान घेऊन परत यायच्या. मागच्या वर्षी अशाच हौसेनं निघाल्या आणि त्या वेळची पारडी महिन्याच्या आत गेली. तेव्हा मी चार माणसांत बोलून गेले होते, "लेकराच्या तोंडचं काढून गावाला वाटलं, दुसरं काय होणार?" त्या गप्प बसल्या. गप्प बसल्या म्हणजे कबूल केलं, असं मी धरून चालले.

यंदा मी आधीच बजावलं, चिकाचा थेंब गोठ्याबाहेर जाणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "नको तर नको, तुझी म्हैस हाय." शेजारणींनी आठ दिवस नाकं मुरडली. मुरडेनात का, मला काय त्यांचं खरवसाचं दुकान चालवायचं होतं?

पारडीला मी मोकळं सोडायची, पी म्हणायची बाई, पोटभर पी. पंधरा दिवसांत तिचं पोट घागरीएवढं झालं. गोठ्यात येईल त्याला मी ते पोट दाखवायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, "पोट वाढतंय, पण अंग कुठं धरतंय? केस बघ कसे राठ झालेत." मी म्हणाले, "तुम्ही नजर लावू नका." त्या चुलीकडं गेल्या.

मग पारडी माती चाटायला लागली. पोट मातीनंच फुगलं असणार, असा शोध मी लावला आणि जुन्या जाळीचं मुसकं शिवून तिच्या तोंडाला बांधलं. पिण्यापुरतं काढायचं, परत बांधायचं. हे म्हणाले, "चांगलं जमलंय. स्वतःच्या मापाचंही एक शिव." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, तर त्यांनी मुसक्याचा गुण आला म्हणून सगळ्यांना सांगितलं.

विसाव्या दिवशी पारडी उठेना. शेपटीला पांढरट, घाण वासाची हगवण चिकटलेली, डोळे आत गेलेले. सड तोंडाशी धरला तरी चोखेना. म्हैस तिच्याकडं मान वळवून सारखी हुंकारत होती. ही पण जाणार, असं वाटलं आणि यंदा बोल लावायला माझ्याशिवाय कुणीही नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टर मॅडम आल्या. पोट दाबून बघितलं, शेपटी उचलून बघितली आणि विचारलं, "ताई, जंताचं औषध कधी पाजलं?"

"एवढ्याशा जिवाला कुठले जंत? नुसत्या दुधावर तर आहे. माती चाटायची, तीही मी बंद केली."

"जंत दुधातूनच आलेत. म्हशीच्या अंगात दडून बसतात आणि व्याली की दुधावाटे पिल्लात उतरतात. म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशी औषध पाजायचं असतं."

"म्हणजे मी चीक पाजला तेच चुकलं?"

"छे, चीक पाजलात म्हणून तर अजून धुगधुगी आहे. पिल्लाला आधी, पोटभर. त्याचं भागून उरेल तो खुशाल वाटा. औषध तेवढं चुकवू नका."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. तिथूनच हळू म्हणाल्या, "मागल्या वर्षीच्या पारडीचंबी पोट असंच होतं."

"हगवण अशीच पांढरी?"

"अशीच."

"मग तीही जंतांनीच गेली असणार," मॅडम म्हणाल्या. मी खाली मान घालून मुसक्याची गाठ सोडत बसले. ती काही लवकर सुटेना.

औषध वजनावर ठरतं. हे पारडीला उचलून द्राक्षाच्या क्रेटच्या काट्यावर उभे राहिले, मग एकटे उभे राहिले. वजाबाकी करून पारडीचं वजन निघालं. यांचा आकडा मात्र बाहेर सांगायचा नाही, अशी मला तंबी मिळाली. पारडीला औषध पाजलं, सलाईन लावलं.

दुसऱ्या दिवशी शेणातून जंत पडले. पांढरे, वीतवीतभर, उकडलेल्या शेवयांसारखे. दुपारी घरात शेवयांची खीर केली होती, तिच्याकडं कुणी वळून बघितलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी पारडी लटपटत उठली, म्हशीच्या कासेला ढुशी दिली आणि चोखायला लागली. मला इतका आनंद झाला की शेजारणीला मी स्वतः हाक मारून चहाला बोलावलं.

संध्याकाळी सासूबाई पारडीची मान खाजवत बसल्या होत्या. माफी मागायची मला सवय नाही. चारा उगाच इकडचा तिकडं केला आणि शेवटी म्हणाले, "आई, मागच्या पारडीवरून मी तुम्हाला नको ते बोलले."

"बोललीस ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण मला ते खरंच वाटलं गं. वरीसभर वाटत होतं, माझ्या मिरवण्यापायी गेली ती."

मी तिथंच शेणात फतकल मारून बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"गप की आता," त्या म्हणाल्या. "धारेची वेळ हाय. म्हैस पान्हा चोरंल."