इंडेंटवर मीठ

“डॉक्टर, मीठ आपल्या यादीत नाही. फॉर्मालिन हवं तेवढं न्या,” म्हणत स्टोअरकीपरने माझा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, परत सरकवला.

पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर एक मृतदेह होता. मिरकरवाड्याचा एक ट्रॉलर बुडून नऊ दिवस झाले होते. दोन खलाशी बेपत्ता, किनाऱ्याला लागला एकच. चेहरा उरला नव्हता. दोघांचं वय सारखं, उंची सारखी, आणि दोघांच्याही कमरेला काळा करदोटा. बाहेर बाकावर मिरकरवाड्याची एक आई आणि संगमेश्वरकडचा एक बाप बसले होते. दोघंही एकच सांगत होते, “माजाच हाय वो, डाक्टरानू.”

निकाल डीएनए लावणार होता. आमच्याकडे डीएनए नवा होता आणि फॉर्मालिन पिढीजात. फॉर्मालिनमध्ये मांस वर्षानुवर्षं छान दिसतं. आतला डीएनए मात्र खराब होतो. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, कुजणं थांबतं, डीएनए टिकतो. हे मी आमच्या विभागप्रमुख साहेबांना सांगितलं.

“तसं सर्क्युलर आहे?”

“नाही सर. केमिस्ट्री आहे.”

“मग फॉर्मालिन.”

मी आज्ञाधारक माणूस. मांडीच्या आतला, कमी सडलेला स्नायू काढला आणि एक तुकडा फॉर्मालिनमध्ये सोडला. दुसरा समोरच्या वाण्याकडच्या जाड्या मिठात पुरला. दोन्ही बरण्या सील करून, त्या आईच्या आणि बापाच्या रक्तासोबत मुंबईच्या लॅबला पाठवल्या. पोलिसांनी मृतदेह नंबर घालून दफन केला.

चार महिन्यांनी रिपोर्ट आला. फॉर्मालिनचा नमुना: तपासणीस अयोग्य. मिठातला: संगमेश्वरच्या बापाशी जुळतो.

बापाने रिपोर्टवर अंगठा टेकवला आणि कितीतरी वेळ तो उचललाच नाही.

आईने विचारलं, “मंग माजा कुटं हाय?”

“मावशी, हा तुमचा नाही, एवढंच कळतं.”

“म्हंजे येल तो,” ती म्हणाली, आणि पदर सावरून निघाली. मला तिला थांबवता आलं नाही.

साहेबांनी वर पत्र धाडलं: ‘माझ्या मार्गदर्शनाखाली अवलंबलेली पद्धत यशस्वी ठरली.’ कोणती पद्धत, ते लिहायचं राहून गेलं. टायपिस्ट रजेवर असावा.

तेव्हापासून मी साहेबांचं प्रत्येक वेळी ऐकलं. फक्त नमुने दोन घेत गेलो.