कोंबड्याचा शिक्का

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या पावाच्या कारखान्यात मुख्य शेफ इटलीचा होता, मी स्टोअरला. इटली म्हटलं की आम्हाला पिझ्झा आठवायचा आणि त्याचं डोकं फिरायचं. तो दक्षिणेकडच्या मातेरा जिल्ह्यातला. तिकडे दरीच्या काठावर दगडात कोरलेली घरं; एकाच गुहेत माणसं आणि खेचर. त्याचे आईवडील तरुण असताना सरकारने सगळ्यांना तिथून हलवलं. आता त्याच गुहांत हॉटेलं आहेत आणि तिथली एक रात्र आपल्याला परवडत नाही, असं तो हसत सांगे.

त्या काळी तिकडे पाव भाजायची भट्टी गल्लीत एकच. कणीक घरी मळायची आणि आपला पाव ओळखू यावा म्हणून त्यावर घरचा लाकडी शिक्का उमटवायचा. मेंढपाळ पोरं तो कोरत आणि आवडत्या पोरीच्या ओच्यात टाकत. तिने ठेवून घेतला की सोयरीक पक्की. त्याच्याकडे आजीचा शिक्का होता, वर कोंबडा. आमच्यात भांड्यांवर नाव घालतात, हे मी सांगितल्यावर त्याला फार आवडलं.

निवृत्तीची वेळ आली तेव्हा त्याला एकच घोर होता, हा शिक्का द्यायचा कोणाला? एकुलत्या मुलीने फोनवर सांगितलं, मला नको, म्युझियमला दे. मला तिचा रागच आला.

माझी बायको त्याला अधूनमधून लाडू पाठवायची, माझ्या आईचं नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यातून. तो डबा लख्ख घासून रिकामा परत करी. "रिकामा डबा कोणी परत देतं का?" ती करवादायची. एकदा मी हे त्याच्या कानावर घातलं. बिचारा ओशाळला.

जाताना तो डबा सिक्युरिटीकडे ठेवून गेला. घरी उघडला, तर आत कोंबडा.

"अहो, चुकून राहिला असेल. कुरिअर करून टाका."

"ही गेव्ह इट, बाबा. जस्ट कीप इट," आमची मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

मी बायकोला ओच्याची रीत सांगितली. शुक्रवारी तिने कणीक मळली, शिक्का उमटवला आणि गोळा ओव्हनमध्ये सरकवला. पाव झाला दगड. तरी मी फोटो पाठवला.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. पाव वाईट झालाय, पण आमच्या घरचा आहे.